बारशाआधीचे बारा दिवस

१९८८ साली विदर्भातल्या एका लहान गावातील शाखेत माझी बदली झाली होती. बँकेच्या नोकरीत तेव्हा मी नवखाच होतो. कर्मचारी पतसंस्थेचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जात. एके दिवशी शाखेतल्या शिपायाने पाचशे रुपयांच्या उचलीचा अर्ज आणून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘मुलाचे बारसे’. मुलगा तीन दिवसांचा होता. मी शिफारस केली, चहा मागवला, पेढ्यांची आठवण करून दिली. पाच दिवसांनी तो पुन्हा टेबलासमोर उभा राहिला. ‘साहेब, तो कागद परत द्या,’ म्हणाला. ‘पैसे नको आता.’ काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘काही नाही, साहेब. परवापासून दूध घेत नव्हतं. काल गेलं.’

मी अर्जावर ‘रद्द’ असे लिहून सही केली. पुढे कधीतरी बोलता बोलता कळले, की ग्रामपंचायतीत त्या मुलाच्या जन्माची नोंदच झालेली नव्हती. बारसे झाले की नाव घेऊन जाऊ, असे त्याच्या वडिलांनी ठरवले होते. जन्माची नोंद नाही, म्हणून मृत्यूचीही नाही. ते मूल आठ दिवस या जगात होते याचा लेखी पुरावा म्हणजे बहुधा तो रद्द केलेला अर्ज.

‘काही नाही, साहेब’ हे त्याचे शब्द मात्र माझ्या डोक्यातून गेले नाहीत. काही नाही म्हणजे काय? ताप नाही, ओकारी नाही, आरडाओरडा नाही. दूध सोडले आणि गेले. त्या वयाच्या बाळाने दूध सोडणे हीच सर्वांत मोठी तक्रार असते, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हते. पदवीधर असलेल्या मलाही नव्हते.

आपल्याकडे पावसाळा आला, की बालमृत्यूंच्या बातम्या येतात. मेळघाटाचे नाव येते, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, आणि या साऱ्याला ‘कुपोषण’ हा एकच शब्द लावून आपण मोकळे होतो. कुपोषण आहे आणि ते भयंकरच आहे. पण आकडे वेगळेही काही सांगतात. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्रात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १६ मुले पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. या १६ पैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच जात. देशाचे हेच आकडे तेव्हा २८ आणि २० होते. म्हणजे वर्षभराच्या आत होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ दोनतृतीयांश, किंवा त्याहूनही अधिक, पहिल्या चार आठवड्यांतले. आणि या चार आठवड्यांतही सगळे दिवस सारखे नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे नवजात बाळांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश पहिल्या आठवड्यातच होतात. म्हणजे बारशाच्या आधी.

आपल्या आजी-पणज्यांनी हे आकडे वाचलेले नव्हते, पण त्यांना ही गोष्ट ठाऊक होती. पाचव्या-सहाव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करायची, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री दिवा विझू द्यायचा नाही आणि बाळाला डोळ्यांआड होऊ द्यायचे नाही. सटवाई येऊन कपाळी भविष्य लिहून जाते, अशी समजूत. ‘पाचवीला पुजलेले’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. या रात्री भीतीच्या का वाटत असाव्यात, याचे एक कारण वैद्यकात सापडते. विळ्याने नाळ कापायची, वर राख किंवा शेण लावायचे, अशा काळात नाळेतून धनुर्वात व्हायचा आणि तो साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसायचा. बाळाचा जबडा आवळायचा, दूध ओढता यायचे नाही, अंग ताठ व्हायचे. लोक म्हणत, सटवाईने नेले. गरोदरपणातल्या लसीने आणि स्वच्छ पात्याने ही सटवाई बरीचशी हटवली. बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारतात २०१५ साली जाहीर झाले. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात दर हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. आपल्या हयातीतली ही केवढी मोठी घटना! पण ती पहिल्या पानावर ठळक छापून आलेली मला आठवत नाही.

मग आता मुले कशाने जातात? मुख्य कारणे तीन. दिवस पुरे होण्याआधी किंवा फार कमी वजनाचे जन्मणे, जन्मताना श्वास गुदमरणे आणि जंतुसंसर्ग. यांतले दुसरे कारण बाळंतपणाच्या खोलीतच निकाली निघायला हवे. त्यासाठी शिकलेले हात लागतात, आणि बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागल्यापासून ते पुष्कळ ठिकाणी मिळतात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. परंतु दवाखान्यातून सुट्टी दोन-तीन दिवसांत मिळते, सिझेरियन असेल तर आणखी दोन दिवस. पहिल्या आठवड्याचा उरलेला भाग घरी जातो. त्या वेळी बाळाकडे कोण बघते आणि त्याला काय दिसते, हा आजचा खरा प्रश्न आहे.

तो सोपा नाही, कारण नवजात बाळाच्या बहुतेक तक्रारी निरुपद्रवी असतात. घरात पहिलेच मूल असले, की त्याच्या प्रत्येक शिंकेला घर दचकते. बाळ शिंकते ते नाक साफ करण्यासाठी. उचक्या लागतात आणि आपोआप थांबतात. दूध पाजल्यावर तोंडाच्या कडेने थोडे दूध बाहेर येते. वजन वाढत असेल तर त्यात काही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठतो आणि आठवड्याभरात जातो. कमरेवर निळसर डाग असतो, तो मार लागल्याचा नसतो. पहिले एक-दोन दिवस शी काळी आणि चिकट होते, मग हिरवट, मग पिवळी. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते, दहा टक्क्यांपर्यंतही घटते, आणि दहा-चौदा दिवसांत भरून येते. काही बाळांची, मुलांचीसुद्धा, छाती फुगते आणि तिच्यातून दुधासारखा थेंब येतो. काही मुलींच्या अंगावरून चार-दोन दिवस किंचित रक्त जाते. दोन्ही गोष्टी आईच्या शरीरातून आलेल्या संप्रेरकांमुळे होतात आणि आपोआप थांबतात. फुगलेली छाती पिळून काढण्याची पद्धत मात्र वाईट. तिने गळू होते.

या निरुपद्रवी यादीच्या शेजारीच दुसरी यादी आहे, आणि अडचण अशी की दोन्ही याद्या सुरुवातीला एकसारख्या दिसतात. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला, की ताप चढतो आणि माणूस कण्हतो. नवजात बाळ उलट गप्प होते. दूध ओढणे मंदावते, अंग सैल पडते, हातपाय गार लागतात. रडणे क्षीण होते आणि आपल्याला वाटते, बाळ शांत झाले. हा धडा माझ्या स्वतःच्या घरात मी कसा शिकलो, ते सांगायला हवे.

२०१७ साली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. नातू झाला. सव्वादोन किलोचा, काही दिवस आधीच जन्मलेला, पण धडधाकट. चौथ्या दिवशी घरी आणला. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणे, ‘किती शहाणं बाळ आहे हो, अजिबात त्रास नाही.’ खरोखरच नव्हता. पाच-पाच तास झोपायचा. अंगावर पिवळी झाक होती. सौभाग्यवती म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. मी म्हणालो, ‘सगळ्याच मुलांना होते कावीळ. सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा, उतरेल.’ दोन दिवस आम्ही त्याला खिडकीशी धरून बसलो. दवाखान्याने सुट्टीच्या कागदावर पुन्हा दाखवायला आणण्याची तारीख लिहून दिली होती. तो कागद मी बिलांबरोबर फाइलला लावून टाकला होता. तारीख उलटून गेली.

सहाव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका बाई झबले-टोपडे घेऊन आल्या. त्यांनी बाळ हातात घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘कालपासून लंगोट किती वेळा ओला झाला?’ आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. ज्या घरात पंचवीस वर्षे दुधाचा आणि वर्तमानपत्राचा हिशेब रोज लिहिला जातो, त्या घरात या प्रश्नाचे उत्तर कुणाजवळ नव्हते. त्यांनी बाळाच्या कपाळावर, मग पोटावर, मग तळपायावर बोट दाबून पाहिले. ‘तळव्यांपर्यंत पिवळं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘काका, रिक्षा बोलवा. आत्ता.’

नातवाला तीन दिवस निळ्या दिव्यांखाली ठेवावे लागले. आज तो शाळेत जातो आणि मला मोबाइल शिकवतो. पण आणखी दोन दिवस आम्ही ‘शहाणं बाळ’ म्हणून कौतुक करीत बसलो असतो तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. रक्तातले पिवळे द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, एका मर्यादेपलीकडे गेले तर ते मेंदूत उतरते. मूल दगावू शकते. वाचले तर बहिरेपण किंवा हातापायांचा कायमचा ताठरपणा मागे राहू शकतो. आणि त्याची सुरुवात अशीच होते: मूल झोपाळू होते, दूध कमी घेते, दूध कमी पोटात गेल्याने शीवाटे बिलिरुबिन बाहेर पडत नाही, कावीळ वाढते, आणि मूल आणखी झोपाळू होते.

माझे म्हणणे पूर्ण खोटेही नव्हते, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी साधारण सहा आणि कमी दिवसांच्या दहांपैकी आठ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची ती आपोआप उतरते. उन्हाचेही तसेच. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाचे सगळे अंग उजळलेले आणि चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढाच भाग पिवळा राहिलेला त्यांनी पाहिला आणि डॉक्टरांना दाखवला. त्यातून पुढे डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाचे उपचार शोधले आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. प्रकाशामुळे बिलिरुबिनचे रूप बदलते आणि यकृतावर भार न टाकता ते शरीराबाहेर जाते. पण त्यांनी रक्त तपासून किती उतरले ते मोजले, कोणत्या रंगाचा प्रकाश लागतो ते पाहिले. काचेतून येणाऱ्या अर्ध्या तासाच्या उन्हाची मात्रा कोण मोजणार? मी सिस्टर वॉर्ड यांची अर्धी गोष्ट ऐकली होती. उरलेली अर्धी मोजमापाची होती. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाने नेमकी तीच सोडून दिली.

मोजले तर काय होते, याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९५-९६ मध्ये त्यांनी ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. तोवर जगाला खेड्यातल्या घरात जन्मणाऱ्या बाळाला नेमके काय होते, हे नीट माहीतच नव्हते. जी माहिती होती ती रुग्णालयातली. या ७६३ बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना जिवाला धोका असणारा एक तरी आजार झाला. ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली २.६ टक्क्यांना. ४० बाळे दगावली.

मग त्यांनी गावातल्याच थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळ जन्मले की तिने जायचे आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा जायचे. वजन करायचे, तापमान बघायचे, एक मिनिटभर श्वास मोजायचे. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. जन्मताना श्वास घेत नसलेल्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास कसा द्यायचा, थंड पडलेल्या बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्गाची ठरलेली लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे औषध आणि इंजेक्शन कसे द्यायचे, हे तिला शिकवले. खेड्यातल्या बाईने नवजात बाळाला इंजेक्शन द्यायचे, यावर वैद्यकीय वर्तुळात भुवया उंचावल्या होत्या. परंतु तीन वर्षांत त्या गावांतले नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले, आणि तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या गावांत ते होते तिथेच राहिले. दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. आमच्या शिपायाचे गाव त्या भागापासून फार दूर नव्हते. फक्त त्याचे मूल सात वर्षे आधी जन्मले.

डॉ. बंग यांच्या पुढाकाराने आणि राज्यातल्या अनेक संस्थांच्या मदतीने २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला, तो न नोंदलेल्या मृत्यूंबद्दलच होता. सरकारदरबारी जेवढे बालमृत्यू लिहिले जातात, त्याहून प्रत्यक्षात कितीतरी अधिक होतात, हे त्यात गावोगावच्या नोंदींनी दाखवून दिले होते. ज्याला बँकेचा अनुभव आहे त्याला यातली खोच लगेच कळेल. वहीत न चढलेली तूट कुणीच भरून काढीत नाही. तिच्याबद्दल कुणाला जाबही विचारता येत नाही.

गडचिरोलीचा हा धडा शेवटी देशाने घेतला. २०११ सालापासून ‘आशा’ कार्यकर्तीने नवजात बाळाच्या घरी जाण्याचे वेळापत्रक ठरले: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, बाळंतपण घरी झाले असेल तर पहिलाही. त्याच वर्षी सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळांचे उपचार मोफत झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांच्यासाठी विशेष कक्ष उभे राहू लागले. २००० साली देशात नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी ४४ होते, २०२० मध्ये ते २० झाले. पण केरळात तेव्हा ते ४ होते. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे ११ हा काही शेवटचा मुक्काम नव्हे.

पुढचा टप्पा अधिक अवघड आहे, आणि तो अडतो तो पैशांच्या आणि प्रतिष्ठेच्या प्रश्नापाशी. या सहा भेटींसाठी आशेला सुरुवातीला मानधन ठरले २५० रुपये. सगळे मिळून! ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे, असे कागद सांगतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला, आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीचे आश्वासन पाळा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानात बसून होत्या. त्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाढीला मंजुरी दिली. बँकेत आम्ही रोखपालाच्या चुकीला किती जपत असू! एका दिवसाची रोकड जुळली नाही तर सगळी शाखा थांबायची. इथे एका बाईच्या नजरेवर गावातल्या सगळ्या नवजात बाळांचा भरवसा, आणि तिला आपण कामाच्या नगावर पैसे देतो.

यंत्रे आणून हा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. यंत्रे हवीतच. पण ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली, हे आपण विसरता कामा नये. यंत्रांवरही लक्ष ठेवणारे माणूस लागते. आणि यंत्राहून साधे उपायही असतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबेच्या पेट्या कमी पडू लागल्या, तेव्हा डॉ. रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. ही नाइलाजाची युक्ती पुढे पेटीहून सरस ठरली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या एक ते १.८ किलोच्या बाळांचे मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले. आईला बरे नसेल तर बाबा किंवा आजीनेही असे धरून बसता येते. आजोबांनाही मनाई नाही.

हे सगळे आपल्या, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू वाचकाच्या कामाचे आहे का? मला वाटते, आहे. खेड्यातल्या बाळंतिणीच्या दारी निदान तिसऱ्या दिवशी आशा येते. शहरातल्या वस्त्यांमध्येही २०१३ नंतर आशा नेमल्या गेल्या. सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर कोण येते? बघायला येणारे येतात, पेढे खातात, बाळ कुणासारखे दिसते यावर चर्चा करतात. आजी असेल तर तिच्या जुन्या सांगण्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे ठरवणारे कुणी नसते. तिचे सगळे टाकाऊ नाही. दहा दिवसांच्या सोयराने गर्दी दूर राहायची, टोपड्या-दुपट्याने ऊब टिकायची, बाळंतिणीला विश्रांती मिळायची. हे ठेवावे. पण चीक पिळून टाकणे म्हणजे बाळाच्या तोंडचे पहिले संरक्षण काढून घेणे. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायला हवे, आणि २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या फक्त ४१.८ टक्के बाळांना तसे पाजल्याची नोंद आहे. मध चाटवू नये. त्यातून वर्षाच्या आतल्या मुलाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी, काजळ, कोंडलेल्या खोलीतली शेगडी आणि धुरी, नाळेवर हळद-तेल हे सगळे आता आठवणीत ठेवलेलेच बरे. नाळ कोरडी ठेवावी, तिच्यावर काहीही लावू नये.

आणि एक वही करावी. मी हे विनोदाने म्हणत नाही. त्या सहाव्या दिवसानंतर परिचारिका बाईंनी मला जे रकाने आखून दिले, ते इथे देतो. दूध किती वेळा प्यायला: दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अपेक्षित. लंगोट किती वेळा ओला झाला: पाचव्या दिवसापासून निदान सहा वेळा. शी किती वेळा आणि कोणत्या रंगाची. वजन: दवाखान्याच्या प्रत्येक भेटीत. दूध पुरते की नाही, यावरून घरोघरी वाद होतात आणि बाळंतीण रडकुंडीला येते. या रकान्यांकडे पाहिले तर पुष्कळदा वाद संपतो.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी मला दुसरी यादी लिहायला लावली. बाळ दूध ओढत नाही किंवा दुधासाठी उठत नाही. अंग गार पडले किंवा तापले. शांत असताना मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते. झटके येतात. पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले. नाळेच्या भोवती लाली किंवा पू. उलटी हिरवी झाली. यांतले एकही दिसले, तर उद्या सकाळची वाट बघायची नाही. बाळाला छातीशी धरून, पाजत पाजत, त्याच क्षणी निघायचे.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. पहिले सहा दिवस कोरे आहेत. सातव्या दिवसापासून माझे अक्षर सुरू होते, वेळ, रकाना, आद्याक्षर, अगदी खातेवहीसारखे. बाराव्या दिवशी बारसे झाले नाही, कारण तेव्हा आम्ही नुकतेच दवाखान्यातून परतलो होतो. पंधराव्या दिवशी वजन जन्माच्या वजनाला येऊन टेकले, तो आकडा मी लाल शाईने लिहिला आहे. त्या संध्याकाळी घरातल्या घरात पाळणा हलवला. मुलीने बाळाच्या कानात नाव सांगितले आणि मी ते त्या आकड्याखाली लिहिले. लिहिताना मला १९८८ सालचा तो अर्ज आठवला. त्याच्यावर कारण होते, रक्कम होती, माझी सही होती. नावाची जागा मात्र त्यात नव्हती.